चुलीपाशी ठेवलेली फिल्म

आशूचा फोन आला तेव्हा मी रोपवाटिकेत ट्रेमध्ये टोमॅटोचं बी टोचत होते. हात कोकोपीटनं भरलेले, म्हणून फोन स्पीकरवर टाकून ट्रेच्या कडेला ठेवला. "काकू, आई गेली," ती म्हणाली. एवढंच. मग नुसता तिचा श्वास ऐकू येत राहिला, संथ, जपून घेतल्यासारखा... जिची आई नुकतीच गेलीय त्या पोरीला मी पहिलं वाक्य काय बोलले असेन? "आशू, रडू नको गं." समजूत काढायला सगळेच असं म्हणतात, तसं ते नव्हतं. मला अक्षरशः तेच म्हणायचं होतं. रडायचं नाही, हुंदका वर येऊ द्यायचा नाही, श्वास हळू ठेवायचा. "न्हाई रडत काकू," ती म्हणाली, "बाबांजवळ बसलीय." शेडनेटखाली काम करणाऱ्या बायका हात थांबवून माझ्याकडे बघत होत्या. ही कसली बाई, आईवेगळ्या झालेल्या लेकीला रडूसुद्धा देत नाही, असंच त्यांच्या मनात आलं असणार. त्या दिवशी मला त्याची पर्वा नव्हती. आता काही आठवडे गेलेत, घरातली वर्दळ कमी झालीय, आणि वाटतंय की सांगून टाकावं. कारण माझ्या थोरल्या जाऊबाईंचं, रंजनाताईंचं, अर्धं आयुष्य या न रडण्याभोवतीच फिरत राहिलं.

राजुरीच्या या घरात मी धाकटी सून म्हणून आले तेव्हा ताई इथं चांगल्या मुरलेल्या होत्या. माझं माहेर मंचरचं. कॉलेजात जाऊन बी. ए. झालेली, त्यामुळे जरा तोऱ्यातच आले होते. ताईंनी पहिल्याच सकाळी मला काटवटीपुढं बसवलं आणि माझी भाकरी तव्यावर पडताना फाटली तशी शांतपणे म्हणाल्या, "बी. ए. ला भाकरीचा पेपर न्हवता व्हय गं?" मी रागानं लाल झाले. मग त्यांनीच पीठ पुन्हा मळून दिलं, माझ्या हातावर हात ठेवून भाकरी फिरवायला शिकवली, आणि बाहेर जाऊन आमच्या सासूबाईंना, ज्यांना आम्ही दोघी आत्या म्हणायचो, सांगितलं की भाकऱ्या शोभानंच केल्यात. अशी ती बाई. तोंडावर टोचणार आणि पाठीमागं सांभाळणार.

त्यांची एक सवय मात्र घरादाराला हसायला पुरायची. चहा. कप हातात आला की त्या बशीत ओतायच्या आणि बशी बाजूला ठेवून भलत्याच कामाला लागायच्या. भाजी निवडायच्या, कपडे वाळत घालून यायच्या, आणि वर साय धरली की मग ती निवलेली बशी एका दमात संपवायच्या. चहावर फुंकर मारताना मी त्यांना कधी म्हणजे कधीच पाहिलं नाही. आत्या म्हणायच्या, "हिला चहा न्हाई, चहाचं सरबत लागतंय." पाहुणे आले की आम्ही मुद्दाम त्यांना वाफाळता कप द्यायचो आणि त्या काय करतात ते बघत बसायचो. त्यासुद्धा हसायच्या. असं का करता, हे त्यांना कुणी विचारलं नाही. एखाद्याच्या खोडीला कारण असू शकतं, असं कुणाच्या डोक्यात येतं...

कारण मला एका सकाळी दिसलं, पण कळलं नाही. घरात गॅस होता, तरी परसातली चूल अंघोळीच्या पाण्यासाठी रोज पेटायची. आदल्या दिवशी सरपण भिजलं होतं, नुसता धूर होत होता, आणि आत्या आतून ओरडत होत्या की पाणी कधी तापायचं. ताईंनी फुंकणी घेतली आणि जोर लावून फुंकू लागल्या. मी शेजारी भांडी घासत होते. फुंकणी खाली पडल्याचा आवाज आला म्हणून वळून पाहिलं, तर त्यांचा डावा हात ओल्या फडक्यासारखा लोंबत होता आणि ओठाचा एक कोपरा खाली ओघळला होता. "ताई, काय होतंय?" मी विचारलं. त्यांनी काहीतरी सांगितलं, पण जीभ जड झालेली, शब्द लागेना. मी त्यांना भिंतीला टेकवून बसवलं. थोड्या वेळानं त्यांनी डाव्या हाताची मूठ हळूच मिटली, उघडली, पुन्हा मिटली. "आला," त्या म्हणाल्या, गावाहून कुणी माणूस यावं तसं. "आगं जातो आन् येतो. कुणाला सांगू नगं." मी अर्थातच सांगितलं. आत्यांनी मीठमोहरी उतरवून टाकली, दुपारी ताई पुन्हा रानात होत्या, आणि विषय संपला.

त्यांचं माहेर पिंपळवंडीचं. आईवडील आणि पाठचा भाऊ संपत. वडील गेल्याचा निरोप आला तेव्हा मी त्यांच्याबरोबर गेले होते. आमच्याकडे लेक मयतीला येते ती गुपचूप येत नाही. गल्लीच्या तोंडाशी गाडीतून उतरली की तिथूनच तिचा हंबरडा सुरू होतो, बापाला हाक मारत, त्यानं काय काय केलं ते घोकत ती दारापर्यंत येते, आणि तिचा आवाज ऐकून आतल्या बाया उठून सामोऱ्या येतात. लेकीच्या आवाजावरून गाव तिची माया जोखतं. ताईंचा आवाज मोठा होता. वडिलांवर जीव होता. त्या रडत निघाल्या आणि दाराशी पोचायच्या आत त्यांचे शब्द विस्कटले, डावा पाय मागं राहिला, आणि त्या उंबऱ्याजवळ कोसळल्या. कुणी म्हणालं अंगात आलं. कुणी कांदा फोडून नाकाशी धरला. एक बाई मागून हळूच म्हणाली, "सोंग म्हनायचं, दुसरं काय." ते ताईंनी ऐकलं होतं. हात गेलेला असला तरी कान शाबूत होते.

दशक्रिया उरकल्यावर ताईंच्या यजमानांनी, म्हणजे माझ्या मोठ्या दिरांनी, त्यांना जवळच्या एका दवाखान्यात नेलं. तिथं डोक्याचं साधं सीटी स्कॅन झालं आणि रिपोर्ट आला, नॉर्मल. आता हा शब्द दवाखान्यात बरा असतो, पण गावात येईपर्यंत त्याचं भलतंच होऊन बसतं. नॉर्मल, म्हणजे हिला काही झालेलं नाही. काही झालेलं नाही, म्हणजे हे सगळं हिच्या मनाचे खेळ. भाऊजी स्वतः तसं कधी बोलले नाहीत, पण इतरांनी बोललेलं त्यांनी ऐकून घेतलं. ताईंनी ती मोठी काळी फिल्म पिशवीतून काढली, उन्हात धरून उलटसुलट पाहिली, आणि परसात नेऊन चुलीपाशी ठेवली. दुसऱ्या दिवसापासून फुंकणी खुंटीला गेली. ताई त्या फिल्मनं चुलीला वारा घालू लागल्या. छान ताठ होती, वारा झकास लागायचा. मी हसले तर म्हणाल्या, "नारमल हाय ना? मंग निदान कामाला तरी यिऊ दे."

त्याच दिवसांत एकदा मिरच्या खुडता खुडता त्यांनी मला एकटीला सांगितलं, "शोभे, मला कळलंय. मोठ्यानं रडलं की हात जातोय. चूल फुंकली की जातोय. च्यावर फुंकर मारली तरी मुंग्या येत्यात. म्हून मी आता रडतच न्हाई." इतक्या सहज म्हणाल्या, जशी एखादी बाई सांगते की मला वांगं बाधतं म्हणून मी खात नाही. डॉक्टरला हे सांगितलं का, असं मी विचारलं. "इचारलंच न्हाई त्यांनी. आन् मी कसं सांगू, की साहेब, रडल्यावं मला असं व्हतं? हासत्याल ना राव."

मग ताईंची आई गेली. आधीच सांगते, या बाईचा आईवर जितका जीव होता तितका मी फार थोड्या लेकींचा पाहिलाय. दर आठवड्याला काही ना काही करून पिंपळवंडीला जायची, आईचे केस धुऊन यायची. त्या दिवशी ताई गल्लीच्या तोंडाशी उतरल्या आणि तोंड मिटून चालत गेल्या. एक हुंदका नाही. आतल्या बाया आवाजाची वाट बघत बसलेल्या, त्यांना ही दारात येऊन उभी राहिली तरी कळलं नाही. ताई आईच्या उशाशी बसल्या, नाकानं हळूहळू श्वास घेत, समोर भिंतीकडे बघत, आणि मांडीवर ठेवलेल्या डाव्या हाताची मूठ मिटत-उघडत राहिल्या. मिटायची, उघडायची. हात अजून आपला आहे ना, ते बघत होत्या. संपतभाऊ समोर बसून धाय मोकलून रडत होते. मध्येच त्यांनी वर पाहिलं आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "आई गेलीय का शेजारीण, रंजे?"

ताई भिंतीकडेच बघत राहिल्या. उत्तर द्यायला गेल्या असत्या तर बांध फुटला असता. त्या भाऊबीजेला संपतभाऊ न्यायला आले नाहीत. पुढच्याही नाही. राखीला ताई स्वतः गेल्या, तर भावजयीनं पाट मांडला, पण भाऊ रानातून आलाच नाही. चुलत्यामालत्यांच्या लग्नात समोरासमोर आले तर तो पाणी प्यायच्या निमित्तानं उठून जायचा. डोळ्यात टिपूस न आणणारी बहीण, अशी तिची ओळख माहेरच्या गावात कायमची झाली. ताईंनी आयुष्यात बरंच काही सोसलं, पण मनाला लागलं ते हे एकच. आजाराचं त्यांना फारसं काही नव्हतं. भावानं आपल्याला दगड समजावं, हे त्यांना सहन होत नव्हतं.

आमची रोपवाटिका सुरू झाली ती त्यानंतर. दोघींची कल्पना, दोघींचे कष्ट. टोमॅटोची, मिरचीची, झेंडूची रोपं. आणे पठारावरून, ओतूरकडून, पार घोडेगावकडून शेतकरी गाड्या घेऊन यायचे आणि ताई एकेकाला रोपाबरोबर दोन टोमणेही मोफत द्यायच्या. एकदा ट्रे उचलताना त्यांचा हात गेला तो बराच वेळ परत आलाच नाही. नारायणगावला एक तरुण डॉक्टर नवे आले होते. त्यांना फिट्सचा संशय आला आणि त्यांनी पुण्याला पाठवलं. तिथं डोक्याला तारा लावून ताईंना आडवं केलं आणि तपासणाऱ्या मुलीनं सांगितलं, "आजी, आता जोरजोरात श्वास घ्या आणि सोडा, मी थांबा म्हणेपर्यंत." पन्नाशीही न गाठलेल्या ताईंना आजी म्हटल्याचा राग आला होता, तरी त्या जोरात श्वास घेऊ लागल्या. आणि सगळ्यांच्या समोर डावा हात पलंगाच्या कडेवरून खाली घसरला.

ती मुलगी घाबरून डॉक्टरीणबाईंना घेऊन आली. या बाई शांत होत्या. त्यांनी खुर्ची ओढली, ताईंचा हात हातात घेतला, आणि तो परत येईपर्यंत नुसत्या बसून राहिल्या. मग विचारलं, "असं आधी केव्हा केव्हा झालंय?" इतक्या वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदा कुणीतरी विचारला. ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, सांगा ताई, इथं कुणी हसणार नाही. "चूल फुंकताना," त्या म्हणाल्या. "आन् बापासाठी रडताना. आईसाठी रडलेच न्हाई मी." डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी लगेच एमआरआय लिहून दिला, आणि त्यात मेंदूच्या रक्तवाहिन्यांचीही चित्रं काढायला सांगितली.

एमआरआयला अंगावर धातू चालत नाही. कानातलं निघालं, मंगळसूत्र निघालं, जोडवी निघेनात. बोटं सुजलेली. मी बेसिनवरचा साबण आणून त्यांच्या पायाशी बसले. जोडवी निघाली तेव्हा ताई क्षणभर उघड्या बोटांकडे बघत राहिल्या, मग सगळा ऐवज माझ्या ओंजळीत देऊन म्हणाल्या, "पळून जाशील बरं का घिऊन." आत यंत्र सुरू झालं तसा दाराबाहेर बोअरची गाडी लागल्यासारखा दणका सुरू झाला. मी ते मंगळसूत्र मुठीत धरून बसले होते, आणि खोटं कशाला सांगू, मनातल्या मनात म्हणत होते की देवा, यात काहीतरी निघू दे. माणूस दवाखान्यात काही निघू नये म्हणून हात जोडतो. मला ते निघायला हवं होतं. पुन्हा एकदा नॉर्मल आलं असतं तर ताईंनी काय केलं असतं, कोण जाणे...

निघालं. मग जांघेतून बारीक नळी घालून, औषध सोडून आणखी एक तपासणी झाली, आणि डॉक्टरीणबाईंनी आम्हा सगळ्यांना पडद्यासमोर बसवून दाखवलं. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन मोठ्या वाहिन्या कवटीत शिरल्यावर जिथं फाटे फुटतात, तिथंच हळूहळू अरुंद होत गेल्या होत्या. रक्ताला वाट हवी म्हणून शरीरानं केसासारख्या बारीक बारीक वाहिन्यांचं जाळं विणलं होतं. पडद्यावर ते जाळं धुरकट दिसत होतं, ओल्या सरपणाच्या धुरासारखं. बाई म्हणाल्या, जपानी डॉक्टरांनी याला मोयामोया म्हटलंय, तो शब्दही धुरासारख्या दिसण्यावरूनच आला. आजार दुर्मिळ आहे. माणूस जोरानं श्वास घेऊ लागला, मग ते फुंकणं असो की रडणं, की डोक्यातल्या वाहिन्या आणखी आवळतात. तुम्हाआम्हाला ते जाणवत नाही, कारण रक्त मुबलक पोचतं. यांच्याकडे मुळात काटकसर. आधीचा रिपोर्टही खोटा नव्हता. साध्या स्कॅनमध्ये मेंदू दिसला, तो त्या वेळी धडच होता. वाहिन्या आतून कशा आहेत, हे त्यात बघितलंच नव्हतं.

भाऊजी ऑपरेशनचं विचारू लागले. ताई पडद्याकडेच बघत होत्या. मग म्हणाल्या, "मॅडम, एक इचारू? मंजी मी आईच्या मयतीला रडले न्हाई, त्यात माझी काय चूक न्हवती ना?" डॉक्टरीणबाईंना मागचं पुढचं काही माहीत नव्हतं, तरी काहीतरी कळलं असावं. त्या म्हणाल्या, "चूक? तुम्ही तेव्हा स्वतःला आवरलंत ते बरं केलंत. त्या दिवशी झटका येऊन हात कायमचा गेला असता." ताईंनी पदराचं टोक तोंडाशी धरलं. रडू आलं होतं, पण सवयीनं त्यांनी ते नाकानं हळूहळू श्वास घेत जिरवलं.

परत येताना चाकणच्या गर्दीत गाडी अडकली होती. मी म्हटलं, ताई, ही नवी फिल्म घ्या आणि सरळ पिंपळवंडीला जाऊ. संपतभाऊंच्या खिडकीला लावू, म्हणू बघ बाबा, हे बघ तुझ्या बहिणीनं का रडू दाबलं ते. मला तर ती त्यांच्या दारावर खिळ्यानं ठोकावीशी वाटत होती. ताई म्हणाल्या, "न्हाई शोभे. माया काय फोटू काढून दावायची अस्ती व्हय? त्याला यायचं तवा यील." मी चिडले. असला मानीपणा काय कामाचा, असं तोंडावर बोलले. भाऊजींनी शेवटी फोन करून मेव्हण्याला सगळं सांगितलं. संपतभाऊंनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "असंल आजार. पर आजारी मान्साच्या डोळ्याला बी पानी येतंय, दाजी." आणि फोन ठेवला.

उजव्या बाजूचं ऑपरेशन झालं. डोक्याच्या कातडीतली एक रक्तवाहिनी आत नेऊन मेंदूवरच्या वाहिनीला जोडली. केस वाढले तसा कानावरचा व्रण झाकला गेला. ताई माझं बोट धरून तिथं टेकवायच्या, टिकटिक लागायची. "नवी मोटार बसवलीय," म्हणायच्या. त्यानंतर हात जायचा जवळजवळ थांबला. चांगली वर्षं गेली. दुसरी बाजू इतकी वाईट नव्हती. ती दर वर्षी स्कॅन करून बघायची आणि लागलं तर ऑपरेशन करायचं, असं ठरलं होतं. ताई दर वर्षी जोडवी आधीच सैल करून तयार असायच्या.

एकाच स्कॅनला मात्र त्या भ्यायच्या, आशूच्या. आशू त्यांची एकुलती एक. शिकून मंचरला नोकरीला लागली. हा आजार कधी कधी घराण्यात असतो, मुलीचंही एकदा बघून घ्या, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. त्यात एकदा मैत्रिणीच्या वाढदिवसाला फुगे फुगवताना आशूच्या बोटांना मुंग्या आल्या, आणि ते तिनं हसत हसत घरी सांगितलं. ताईंचा चेहरा त्या दिवशी जो उतरला तो उतरलाच. तरी तपासणी पुढं पुढं जात राहिली. लग्नाची पोर, नाव लागेल, असं त्या म्हणायच्या. खरं कारण त्यांनी एकदा कुंड्या भरताना सांगितलं. "माझ्या डोक्यातला धूर मी बघितला, शोभे. तिचा न्हाई बघवायचा." शेवटी मीच भांडून तारीख ठरवली. टोमॅटोच्या रोपांची गर्दी ओसरली की तिघींनी जायचं. ताई हो म्हणाल्या होत्या.

ती तारीख यायच्या आतच एका सकाळी डोकं धरून त्या अंगणात बसल्या. मी त्यांचा चहा बशीत ओतून नुकताच ठेवला होता. "शोभे, लई दुखतंय गं," एवढंच म्हणाल्या. मग वांती, मग शुद्ध गेली. न ऑपरेट केलेल्या बाजूच्या त्या बारीक वाहिन्यांतली एक फुटली होती. पुण्याच्या डॉक्टरांनी प्रयत्न केले. भाऊजी आणि आशू तिथं थांबले, मी रोपवाटिका सांभाळायला मागं आले, आणि मग तो फोन आला...

त्यांना आणलं तेव्हा दुपार होती. आशू उशाशी बसली, तोंड मिटून, समोर बघत. तपासणी झालेली नव्हती, म्हणून मी तिला दटावून ठेवलं होतं. बायांची कुजबुज सुरू झालीच, पोरगी आईवरच गेलीय म्हणून. मी कंबर कसून उभी होते, कुणी मोठ्यानं बोललं असतं तर त्या दिवशी माझ्या तोंडाला धरबंध राहिला नसता. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी गडी माणसाचा हंबरडा ऐकू आला. संपतभाऊ. "रंजे, उठ गं, मी आलोय," म्हणत ते आले आणि बहिणीच्या पायांवर पडले. खूप रडले. मग डोळे पुसायला मान वर केली आणि समोर आशू दिसली. कोरड्या डोळ्यांची. ते तिच्या तोंडाकडे बघत होते, मग त्यांची नजर तिच्या मांडीवर गेली आणि तिथंच थांबली. आशू डाव्या हाताची मूठ मिटत होती, उघडत होती.

"शोभाबाई," ते हळूच म्हणाले, "ही मूठ का मिटती-उघडतीय?"

"हात चालतोय का बघतीय, भाऊ. तिलाही आईचाच आजार असला तर... रडल्यावर हात जातो, वाचा जाते."

"रंजी पण... आईच्या उशाला..."

"हो. तेच बघत होत्या ताई."

त्यांनी खांद्यावरच्या टॉवेलानं तोंड दाबून धरलं आणि सरकत सरकत आशूजवळ जाऊन बसले. तेवढ्यात पिंपळवंडीच्या बाया गाडीतून उतरल्या आणि त्यांचा आवाज गल्लीतून येऊ लागला. संपतभाऊ उठले, दारात गेले, आणि हात जोडून म्हणाले, "बायांनो, पाया पडतो, हळू. पोरीला रडू यील." त्या थबकल्या. माहेरची माणसं मयतीला अशी पदर तोंडाशी धरून, पाय न वाजवता आत येताना मी पहिल्यांदाच पाहिली. भाऊ परत येऊन बसले, भाचीची मूठ स्वतःच्या हातात घेतली आणि ताईंना उचलेपर्यंत तिच्या कानाशी एकच बोलत राहिले. "आवळ माझा हात. हां. आता सोड. परत आवळ."

गेल्या आठवड्यात आशूचं स्कॅन झालं. संपतभाऊ सकाळीच टोमॅटोची पिकअप धुऊन, सीटवर चादर टाकून दारात हजर. कानातलं काढून तिनं माझ्या हातात दिलं. डॉक्टरीणबाई स्वतः बाहेर आल्या. म्हणाल्या, "दोन्ही बाजूंच्या वाहिन्या छान आहेत. जोरानं फुगे फुगवले की मुंग्या कुणालाही येतात." भाऊंनी मला पुन्हा विचारलं, छान म्हणजे काय, मी म्हटलं छान म्हणजे छान. आशूनं मात्र एकच विचारलं. "म्हणजे मी रडले तर चालेल?" बाई म्हणाल्या, "हो बाळा. चालेल."

ती बाकावर बसली आणि तिनं हंबरडा फोडला. "अगं माझ्या आई गं..." अगदी आमच्या गल्लीतल्यासारखा, शब्दाला शब्द जोडत, आईनं काय काय केलं ते सांगत. दवाखान्यातली सगळी माणसं वळून बघू लागली. दारावरचा माणूस धावत पाण्याचा ग्लास घेऊन आला आणि भाऊंना दबक्या आवाजात म्हणाला, "दादा, काय निघालं हो?" भाऊंचे स्वतःचे गाल भिजलेले होते. "काय न्हाई निघालं," ते म्हणाले. "रडू द्या तिला."

परसातली चूल आता मी पेटवते. फुंकणी अजून खुंटीलाच आहे. ती काळी फिल्म चुलीपाशी तिच्या जागी आहे, कडा धुरानं तपकिरी झाल्यात, एक कोपरा जळालाय, पण दुसऱ्या कोपऱ्यात ताईंचं नाव वाचता येतं. काल आशू रविवारची घरी आली होती. सरपण ओलं होतं. मी फिल्म उचलायच्या आत तिनंच ती घेतली आणि आई घालायची तसा वारा घालू लागली. जाळ धरला. मग दोघींसाठी चहा टाकला, बशीत ओतला, आणि धुरानं डोळ्यांतून पाणी येत होतं ते येऊ देत, चहा निवायची वाट बघत आम्ही तिथंच बसून राहिलो.